दिवाणखान्यातील तोफगोळा आणि सोनेगावचा मजूर

नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात लंडनहून महाराष्ट्रात आली. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सदबीज या लिलावगृहाने ती विक्रीस काढली होती. महाराष्ट्र शासनाने मध्यस्थामार्फत बोली लावून ती मिळविली आणि वाहतूक, विमा आदी खर्चासह ४७ लाख १५ हजार रुपये मोजले. सांस्कृतिक कार्यमंत्री ती स्वीकारण्यासाठी जातीने लंडनला गेले. युरोपीय बनावटीचे पाते आणि त्यावर देवनागरीत रघुजींचे नाव व सेनासाहेब सुभा ही पदवी, अशी ही वस्तू आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर झालेल्या लुटीत किंवा इंग्रजांना दिल्या गेलेल्या नजराण्यात ती देशाबाहेर गेली असावी, असा शासनाचाच तर्क आहे.

ती परत आली हे चांगलेच झाले. १८५३ साली तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले आणि राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैलांपर्यंत सारे लिलावात निघाले. जडजवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले. ज्या शहराचा संसारच एकदा हातोड्याखाली विकला गेला, त्या शहराची एखादी वस्तू पावणेदोनशे वर्षांनी त्याच हातोड्याखालून सोडवून आणावी लागली, यातील विटंबना कोणाच्याही ध्यानात यावी. पण तलवारीच्या स्वागताची भाषणे ऐकताना एक प्रश्न मनात आल्याखेरीज राहत नाही. युद्धाच्या उरलेल्या वस्तूंविषयी एवढी आस्था असणाऱ्या या राज्यात, त्याच वस्तूंपायी आजही जी माणसे मरतात त्यांच्याविषयी कोणाला काय वाटते?

कारण युद्धाचे अवशेष गोळा करणारे लोक दोन प्रकारचे आहेत. पहिल्या प्रकारचे लोक सुखवस्तू असतात. जुनी संगीन, शिरस्त्राण, पहिल्या महायुद्धातील तोफगोळ्याचे पितळी कवच, दुसऱ्या महायुद्धातील काडतुसांची ओळीने मांडलेली फळी, पदके, टोप्यांवरील बिल्ले, सैनिकांची पत्रे यांचा शौक असणारी मंडळी इंग्लंड-अमेरिकेत हजारोंनी आहेत. त्यांच्यासाठी वेगळी लिलावगृहे आहेत, सूचिपत्रे निघतात, खऱ्याखोट्याची पारख करणारे तज्ज्ञ आहेत. आपल्याकडेही हा शौक नवा नाही. महायुद्ध संपल्यावर पलटणीतून परतलेल्या अधिकाऱ्यांनी तोफगोळ्यांची रिकामी कवचे घरी आणली, त्यांवर कारागिरांकडून वेलबुट्टी कोरून घेतली आणि दिवाणखान्यात फुलदाण्या म्हणून ठेवली. कामठीसारख्या दोनशे वर्षांच्या छावणीच्या सावलीत वाढलेल्या नागपुरात अशा वस्तूंचे कोणाला नवल वाटणार नाही.

या शौकाची सरसकट टिंगल करण्याचे कारण नाही. इतिहास म्हणजे राजेरजवाड्यांच्या वंशावळी नव्हेत. शिपायाने कमरेला बांधलेला पट्टा, त्याने खाल्लेल्या शिध्याचा डबा, त्याच्या बुटाचा खिळा हाही इतिहास आहे. सरकारी दप्तरांनी जे जपले नाही ते एखाद्या छांदिष्ट माणसाने जपले, असे पुष्कळदा घडले आहे. आजोबांचे पदक कपाटात जपून ठेवणारा नातू आणि तेच पदक पाच पट किमतीस विकण्यासाठी घेणारा व्यापारी यांना एका मापाने मोजता येत नाही, हेही उघड आहे.

पण ही पदके बाजारात येतात कशी, हे पाहण्यासारखे आहे. पहिल्या महायुद्धासाठी ब्रिटिश सरकारने जे पदक काढले ते चांदीचे होते. प्रत्येक पदकाच्या कडेवर शिपायाचे नाव, हुद्दा व पलटण कोरलेली असे. मराठी मुलखातून मेसोपोटेमियात व फ्रान्समध्ये गेलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना ते मिळाले. पुढे दुष्काळ पडला, लग्न निघाले, सावकार दारात आला, तेव्हा विधवेने ते सोनाराकडे नेले आणि सोनाराने ते चांदीच्या भावाने वितळविले. जी वितळली नाहीत ती दलालांच्या साखळीतून लंडनला पोचली. खंदक खणणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, रस्ते बांधणाऱ्या हिंदी, चिनी व माल्टी मजूर-पथकांना मात्र याच पदकाची काशाची आवृत्ती देण्यात आली. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या माणसांतही साम्राज्याने चांदीचे व काशाचे असा भेद पाळला. गंमत अशी की काशाची पदके संख्येने थोडी, म्हणून आजच्या संग्राहकांना त्यांचेच अधिक अप्रूप! ज्या मजुराला चांदीच्या लायकीचा समजले गेले नाही, त्याच्या नावाचा बिल्ला आता दुर्मिळ म्हणून भाव खातो, आणि त्याच्या नातवंडांना त्याचा पत्ताही नाही.

दुसऱ्या प्रकारचे संग्राहक पाहण्यासाठी लंडनला जावे लागत नाही. नागपूरहून वर्ध्यामार्गे पुलगावला जावे. तेथे हजारो एकरांवर पसरलेले लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे, देशातील सर्वांत मोठ्यांपैकी एक. ३१ मे २०१६ च्या पहाटे या भांडारातील रणगाडाविरोधी सुरुंगांच्या गोदामाला आग लागली आणि स्फोटांची मालिका सुरू झाली. आग विझविण्यास धावलेले जवान, अग्निशमन दलाचे कर्मचारी व दोन अधिकारी त्यात बळी पडले. मृतांचा आकडा अखेर १९ वर गेला. त्यावेळी देश हळहळला, मंत्री येऊन गेले. अडीच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी, याच भांडाराच्या निकामीकरण मैदानावर दुसरा स्फोट झाला. त्याची आठवण आज वर्धा जिल्ह्याबाहेर फारशी कोणाला नसावी.

जबलपूरच्या खमरिया आयुधनिर्माणीतून आलेला, मुदत संपलेला २३ मिलिमीटरचा दारूगोळा त्या दिवशी नष्ट करावयाचा होता. पेट्या उतरविण्याचे काम चालू असताना एकीचा स्फोट झाला. सहा माणसे मेली, दहाहून अधिक जखमी झाली; जखमींना सावंगीच्या रुग्णालयात हलवावे लागले. मेलेल्यांत खमरिया कारखान्याचा एक तरुण कर्मचारी होता. उरलेले सोनेगावच्या परिसरातील गावांमधले, ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेले मजूर होते.

या मजुरांचे काम काय होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. खड्डे खणावयाचे, पेट्या वाहून आणून उतरावयाच्या, वाळूची पोती भरून रचावयाची, आणि सुरुंग उडविल्यानंतर जमीन थंड झाली की विखुरलेले पितळ, तांबे, लोखंड वेचावयाचे. हे भंगारच या धंद्यातील खरी कमाई. नोव्हेंबर महिन्यात ज्याच्या शेतात कापूस हाती आलेला नाही किंवा ज्याला शेतच नाही, असा माणूस पहाटे उठून दारूगोळ्याच्या ढिगाकडे जातो. शौकाने कोणी तेथे जात नाही. पेटीत काय आहे, ते किती जुने आहे, कशाने पेटते, याचे शिक्षण त्याला कोणी दिलेले नसते. दिवाणखान्यातील संग्राहकाला आपल्या काडतुसाचा कारखाना, साल, तळावरील शिक्का तोंडपाठ असतो. पेटी खांद्यावर घेणाऱ्या मजुराला पेटीवरचा इशाराही वाचता येत नाही, कारण तो त्याच्या भाषेत लिहिलेला नसतो.

पुलगावची गोष्ट एकटी नाही. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात लष्कराचे के. के. रेंज हे सरावक्षेत्र आहे. त्याच्या कडेच्या खारेकर्जुन्यासारख्या गावांतील माणसे वर्षानुवर्षे सरावानंतरचे तुकडे वेचीत आली आहेत. न फुटलेला गोळा भंगार समजून घरी आणला, घणाने फोडावयास घेतला आणि घरच उडाले, अशा बातम्या तेथे पुन्हापुन्हा येतात. त्याच शहरात १९९४ पासून रणगाड्यांचे एक उत्तम संग्रहालय आहे. शाळांच्या सहली तेथे जातात; पहिल्या महायुद्धातील चिलखती गाड्यांपासून पाकिस्तानकडून जिंकलेल्या रणगाड्यांपर्यंत सारे रंगरंगोटी करून मांडलेले आहे. संग्रहालय असावे, मुलांनी पाहावेही. पण तिकीट काढून रणगाड्याला हात लावणारे मूल आणि काही कोसांवर गोळ्याचे कवच गोणीत भरणारे मूल एकाच जिल्ह्याचे रहिवासी आहेत, ही माहिती त्या संग्रहालयाच्या कोणत्याही फलकावर मिळणार नाही.

आता कायद्याकडे वळावे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात दारूगोळ्याची व्याख्या अतिशय व्यापक आहे. बाँब, हातगोळे, तोफगोळे तर तीत येतातच, पण दारूगोळ्याचे सुटे भागही येतात. परवान्यावाचून ते बाळगणे हा गुन्हा आहे. याच अधिनियमाच्या ४५ व्या कलमात मात्र एक सवलत आहे : जुनाट घाटाचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले किंवा नादुरुस्त, आणि दुरुस्त करूनही चालविता न येणारे शस्त्र या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. सवलत रास्तच आहे, नाहीतर घरोघरच्या देव्हाऱ्यांतील कट्यारींवर खटले भरावे लागतील. प्रश्न आहे तो ही सवलत कोणाच्या उपयोगी पडते हा. विमानतळावरील तपासणीत ज्याच्या पेटीत एखादे विसरलेले काडतूस सापडते, तो वकील उभा करतो. जाणीवपूर्वक बाळगल्यावाचून गुन्हा होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच सांगितले आहे, आणि त्या आधारे उच्च न्यायालये असे खटले रद्दही करतात. तीच पुंगळी गडचिरोलीच्या एखाद्या आदिवासी पोराच्या झोळीत सापडली तर? चकमकीनंतर जंगलात पडलेले पितळ त्याने बाजाराच्या दिवशी चार पैसे मिळतील म्हणून उचलले, हे त्याचे म्हणणे ऐकून घेण्यास पहिल्या दिवशी कोणी बसलेले नसते. जाणीव होती की नव्हती याचा निकाल लागेपर्यंत त्याने कोठडीत किती दिवस काढावेत, याला काही मर्यादा नाही.

राष्ट्रभक्तीच्या नावाने जे चालते, त्याचा सर्वांत बोलका दाखला ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेचा आहे. १९६१ साली नौदलात आलेली, १९७१ च्या युद्धात पूर्व बंगालचा समुद्र रोखून धरणारी ही नौका १९९७ साली निवृत्त झाली. मुंबईत तिचे संग्रहालय झाले, सामान्य माणसे रांगा लावून ते पाहून येत. २०१२ मध्ये ते धोकादायक म्हणून बंद पडले. नौका जपण्यास पैसा नाही असे राज्य शासनाने न्यायालयात सांगितले, सुमारे ६० कोटी रुपयांस ती भंगारात विकली गेली आणि २०१४ च्या अखेरीस तिच्यावर गॅसचे कटर चालू लागले. २०१६ साली एका मोटारसायकल कंपनीने त्या पोलादाचा अंश आपल्या नव्या गाडीत असल्याची जाहिरात केली, आणि जे राष्ट्राला परवडले नाही ते दुचाकीच्या टाकीवर मिरविण्यासाठी हजारो तरुणांनी हप्ते बांधून घेतले. सार्वजनिक स्मृती भंगाराच्या भावाने विकावयाची आणि मग ती किरकोळीने बाजारात खरेदी करावयाची, हा भांडवलशाहीचा धंदा यापेक्षा उघडपणे क्वचितच पाहावयास मिळतो. तलवारीसाठी ४७ लाख देणाऱ्या आणि नौकेसाठी हात वर करणाऱ्या शासनांत पक्षांचे रंग निरनिराळे होते. वृत्ती मात्र एकच.

दुसऱ्या देशांनी काय केले? बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात पहिल्या महायुद्धातील न फुटलेले गोळे आजही नांगराला लागतात. शेतकरी तो बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला ठेवतो आणि कळवितो. लष्कराचे प्रशिक्षित पथक गाडी घेऊन येते व गोळा घेऊन जाते. दरवर्षी दीडशे-दोनशे टन असा माल गोळा होतो. शंभर वर्षे झाली तरी ही जबाबदारी आपली आहे, हे तेथील राज्यसंस्थेने मान्य केले आहे. दुसऱ्या टोकाला लाओस आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने त्या गरीब देशावर वीस लाख टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतील न फुटलेले छोटे बाँब आजही भाताच्या खाचरांत पडून आहेत आणि भंगार वेचणारी मुले त्यांना बळी पडतात. काही गावांत त्याच बाँबच्या अॅल्युमिनियमचे चमचे ओतून परदेशी प्रवाशांना विकले जातात. भारत बेल्जियम नाही हे खरे. पण या दारूगोळ्याचा मालक कोणी पळून गेलेला परका शत्रू नाही. तो आपल्याच कारखान्यांत, आपल्याच कामगारांनी, आपल्याच पैशाने तयार केलेला आहे. त्याची विल्हेवाट लाओसच्या पद्धतीने लागावी, याला कोणते समर्थन आहे?

विदर्भाला हा प्रश्न अधिक जवळचा आहे. अंबाझरी, भंडारा, भद्रावती येथील आयुधनिर्माण्यांनी या भागात दोन-तीन पिढ्यांना नोकऱ्या दिल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ मोडून त्याच्या सात कंपन्या करण्यात आल्या. त्यांतील यंत्र इंडियाचे मुख्यालय नागपुरातच आहे. कामगार संघटनांनी संपाची हाक दिली तेव्हा संपालाच गुन्हा ठरविणारा कायदा त्याच वर्षी, वर्षभराच्या मुदतीचा, आणला गेला. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ माणसे गेली. दारूगोळा तयार होताना कामगार मरतो, साठविताना जवान मरतो, नष्ट करताना मजूर मरतो. यांपैकी जवानाला मानवंदना मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. कायम कामगाराच्या घरी निदान नोकरीचे कागद असतात. रोजंदारीच्या मजुराचे नाव मात्र ठेकेदाराच्या वहीत असले तर असते.

म्हणून या प्रश्नावर वर्धा, नागपूर व अहिल्यानगर येथील पक्षाच्या शाखांनी हाती घेण्यासारखे काम आहे, आणि ते निवेदनांच्या पलीकडचे आहे. दारूगोळा नष्ट करण्याचे काम ठेक्याने देता कामा नये. ते प्रशिक्षित, कायम सेवेतील माणसांनीच केले पाहिजे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने अशा कामात ठेकेदारीस बंदी घालण्याचा अधिकार सरकारला दिला होता. तो वापरण्याची बुद्धी कोणाला झाली नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतही आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी मजूर लावू नयेत असे म्हटले आहे, पण त्यापुढे अपवादांची अशी रांग आहे की पेट्या उतरविणे हे गाभ्याचे काम नाही, असे उद्या एखादा अधिकारी सहज लिहून देईल. हे शेपूट तोडण्याची मागणी नेमकी पुलगावच्या मैदानापासूनच सुरू झाली पाहिजे. २०१८ मध्ये गेलेल्यांच्या कुटुंबांना कबूल केलेले सारे मिळाले का, याची गावात जाऊन, घराघरांतून चौकशी करून ती प्रसिद्ध करणे हे काम तर कोणाच्याही परवानगीवाचून करता येण्यासारखे आहे.

भंगाराचा प्रश्न केवळ कुंपणाने सुटणार नाही. जोवर पोट रिकामे आहे तोवर माणूस तार वाकवून आत जाणारच. सरावक्षेत्र व निकामीकरण मैदान यांतून मिळणारा धातू लष्कराने स्वतः, सुरक्षित रीतीने गोळा करून विकावा आणि त्या उत्पन्नाचा ठराविक वाटा लगतच्या ग्रामपंचायतींना द्यावा, ही मागणी मुळीच अवास्तव नाही. ज्यांच्या जमिनी सरावासाठी गेल्या, ज्यांच्या घरांच्या भिंती हादऱ्यांनी तडकतात, त्यांचा त्या पितळावर ठेकेदारापेक्षा अधिक हक्क आहे. शिवाय ज्यांच्या घरी माळ्यावर, कोठीत, विहिरीच्या कडेला जुना गोळा वा काडतूस पडून आहे, त्यांना ठराविक मुदतीत खटल्याच्या भीतीवाचून ते कळविता यावे, आणि कळविल्यावर बाँबशोधक पथकाने ते घरी येऊन उचलावे, अशी व्यवस्था जिल्हावार व्हावी. ही सवलत शहरातील शौकीन संग्राहकालाही मिळेल, मिळो बापडी. त्याच्या काचेच्या कपाटातील गोळाही रिकामाच असेल असे नाही, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मुलांना त्याचा धोका तेवढाच आहे.

राहिली तलवार. तिचे दर्शन नागपूरच्या जनतेला वर्षभर आणि विनामूल्य घडले पाहिजे. १८६३ साली स्थापन झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, लोकांच्या तोंडी असलेला अजब बंगला, हे त्यासाठी स्वाभाविक स्थान आहे. सीताबर्डीचा किल्ला लष्कराच्या ताब्यात असून वर्षातील मोजक्या दिवशीच लोकांना खुला होतो. तेथे कुलपाआड तिची प्रतिष्ठापना करण्यात अर्थ नाही. आणि अजब बंगल्यात शस्त्रांचे दालन नव्याने मांडावयाचे असेल, तर रघुजींच्या पात्याच्या शेजारी मजूर-पथकातील एखाद्या अनामिक माणसाचे काशाचे पदक ठेवावे, आणि त्याच्याही शेजारी पुलगावच्या मैदानावरून आणलेले, मोडके, काळवंडलेले २३ मिलिमीटरचे एक टरफल. खालच्या पट्टीवर सोनेगाव व परिसरातील मजुरांची नावे मराठीत लिहावीत. त्या नावांना त्यांच्या घरच्यांची संमती मागण्यासाठी तरी शासनाचा एखादा प्रतिनिधी त्या गावांत जाऊन बसेल.